विकाऊ घराचे फोटो

माझ्या हाताला स्वस्थ बसवत नाही, ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे. कुणाकडे गेले की मी त्यांच्या भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर सरळ करते. बँकेत रांगेत उभी असले तर काउंटरवरच्या स्लिपांची चळत नीट लावते. आई म्हणते, "हिला नुसतं बस म्हटलं की हिच्या अंगात येतं." अशा बाईला फोटो सुधारायची नोकरी मिळाली, हे बरंच झालं म्हणायचं. निदान चुळबुळीचा पगार मिळतो.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका शेठच्या दुकानात मी काम करते. सोफे, पलंग, डायनिंग टेबलं यांचे फोटो दुकानाच्या वेबसाइटवर चढवायचे, हे माझं काम. फोटो दुकानातलंच कुणीतरी मोबाइलवर काढतं. त्यात मागे ट्यूबलाइट असते, शेजारी झाडू असतो, आणि काचेच्या टीपॉयमध्ये फोटो काढणाऱ्याचं पोट दिसत असतं. ते सगळं घेऊन मी कॉम्प्युटरसमोर बसते. सॉफ्टवेअर अगदी साधं, फुकटातलं आहे. उजेडाची एक पट्टी, रंगाच्या गडदपणाची एक पट्टी, माउसने पुढेमागे सरकवायची. कडा कापायचं एक बटण. आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे जखमेच्या चिकटपट्टीचं चित्र असलेलं बटण. डाग, ओरखडा, खिळा, जे नको असेल त्यावरून ते फिरवायचं, की सॉफ्टवेअर आजूबाजूचा रंग उचलून तिथे भरतं. डाग होता हे नंतर कुणाला सांगूनही पटत नाही. शेवटी फोटो हलका करायचा, कारण साइट उघडायला वेळ लागला तर गिऱ्हाईक तेवढ्यात दुसऱ्या दुकानात शिरतं.

पहिल्याच वर्षी एका टेबलाचा रंग मी इतका गडद ओढला होता की डोंबिवलीच्या एका बाईंनी ते टेबल दारातूनच परत पाठवलं. त्या दिवशी शेठ ओरडले नाहीत. चहा मागवला आणि म्हणाले, "बेटा, फोटो में झूठ उतना ही बोलने का, के माल घर पे पहुंचे तो पहचान में आए." मी मान हलवली आणि टेबल परत फिकं केलं. सोफ्यांच्या बाबतीत मी तो नियम नंतर नेहमी पाळला.

आमचं घर बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत. चार मजल्यांची बिनलिफ्टची इमारत, तळमजला. बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी हे घर घेतलं तेव्हा नदी जवळ आहे याचं आम्हाला कौतुक वाटलं होतं. पुढे नदीने ते कौतुक चांगलंच फेडलं. दोनदा पाणी घरात आलं. दुसऱ्या वेळी मी उल्हासनगरला अडकले होते, बाबा अंबरनाथला, आणि आई घरात एकटी होती. पाणी दारातून येत नाही, आधी बाथरूमच्या जाळीतून वर येतं. आई गाद्या माळ्यावर टाक, धान्याचे डबे वर ठेव, यात राहिली. मग दार उघडेना. दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी खिडकीची जाळी कापून तिला बाहेर काढलं, तोवर ती स्वयंपाकाच्या ओट्यावर उभी होती आणि गॅसचं सिलिंडर खाली तरंगत होतं. हे तिने आम्हाला कधी नीट सांगितलं नाही. मला वरच्या काकूंकडून कळलं.

तेव्हापासून आई पावसाळ्यात माणसात नसते. टीव्हीचा आवाज कमी करून बाथरूमकडे कान लावून बसते. जाळीतून जरा गुडगुड झाली की उठते. जेवणाचं ताट अर्धं टाकून उठते. मी तिच्यावर चिडायचे, कारण तिची ती उठबस बघून माझ्याही जिवाची घालमेल व्हायची. आणि मग या वर्षी होळीच्या सुमारास ती बाबांना म्हणाली, "अहो, पुढचा पावसाळा मी इथे काढणार नाही. मला वेड लागेल." एवढंच म्हणाली. आई कधी काही मागत नाही, त्यामुळे बाबा घाबरले.

अंबरनाथ पूर्वेला त्यांनी एक घर बघितलं. जुनी इमारत, पण तिसरा मजला, आणि खोल्यांमध्ये ऊन येणारी. तिथल्या मालकीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, मे अखेरपर्यंत थांबते, तोवर तुमचं विका. म्हणजे आम्हाला दोन-अडीच महिने होते, आणि आमच्याकडे विकायला होता मांजर्लीचा तळमजला. एजंटने बाबांना सरळ सांगितलं, "काका, इथल्या माणसाला नका विचारू. ऑनलाइन टाका. बाहेरचं कुणीतरी येईल."

ऑनलाइन टाकायचं म्हणजे मी.

एका रविवारी सकाळी, खिडकीतून बऱ्यापैकी उजेड येत असताना मी घराचे फोटो काढले. दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. आधी साधीसुधी कामं केली. ट्यूबलाइटमुळे आलेला हिरवटपणा काढला, उजेड वाढवला, दोरीवरचे कपडे कापले. मग भिंत आली. हॉलच्या भिंतीवर पुराची तपकिरी रेघ आहे, माझ्या छातीपर्यंत. दोनदा रंग दिला, पण पावसाळा गेला की ती पुन्हा वर येते. आम्हाला ती दिसेनाशी झाली होती. फोटोत मात्र ती रेघ सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी चिकटपट्टी घेतली आणि डावीकडून उजवीकडे फिरवली. मला खोटं सांगायचं नाही, त्या क्षणी मजा आली. गेली कित्येक वर्षं जिच्यावर आम्ही ब्रश, पुट्टी, प्रायमर घालवले ती रेघ पाच सेकंदांत गेली. मग माझा हात थांबेना. कोपऱ्यातली बुरशी काढली. कपाटाखाली आम्ही विटा लावल्या आहेत, त्या काढून तिथे फरशी भरली. फ्रिजचा गंजलेला लोखंडी स्टँड काढला. दाराच्या चौकटीला खालून फुगलेलं लाकूड सपाट केलं. रंगाची पट्टी जरा पिवळ्याकडे ओढली, तर भिंत साईच्या रंगाची झाली. संध्याकाळपर्यंत मी आठ फोटो केले, आणि बाबांना दाखवले. बाबांनी चष्मा लावून एकेक फोटो बघितला. म्हणाले, "विचारलं तर आपण सांगू. न विचारता सांगायला काय झालंय?"

आईनेही बघितले. ती हसली आणि म्हणाली, "छान आहे. असं असतं तर विकलं कशाला असतं?"

बाबांच्या डोक्यात मात्र किडा शिरला. फोटो बघून माणूस येणार, आणि आल्यावर रेघ बघणार. म्हणून त्यांनी पेंटरला बोलावलं आणि माझा मोबाइल त्याच्या हातात दिला. म्हणाले, "हे बघा, असं पाहिजे." पेंटरने भिंत खरवडली, पाणी न झिरपणारं कसलंसं केमिकल दोन वेळा मारलं आणि शेडकार्ड माझ्या मोबाइलच्या स्क्रीनला लावून रंग जुळवला. मी गंमत म्हणून जी पट्टी ओढली होती, तिचा रंग आमच्या घराला लागला. कपाटाखालच्या विटा बाबांनी काढल्या. स्टँड गच्चीवर ठेवला. आठवड्याभरात आमचं घर फोटोसारखं दिसायला लागलं.

फोटो चढवल्यावर तर मी कामातून गेले. किती जणांनी बघितलं, हा आकडा त्या साइटवर दिसतो. मी दर दहा मिनिटांनी तो बघायचे. दुकानात सोफ्याचा फोटो उघडा असायचा आणि शेजारच्या खिडकीत माझं घर. चौदा जणांनी बघितलं, वीस जणांनी बघितलं, फोन एकही नाही. मग मी फोटोंचा क्रम बदलायचे. आधी हॉल, मग स्वयंपाकघर. मग आधी स्वयंपाकघर. उजेड अजून दोन काटे वर. शेठ एकदा मागे येऊन उभे राहिले. "ये पलंग का पाय कहाँ गया?" मी दचकून बघितलं, तर पलंगाचा एक पाय मी चिकटपट्टीने पुसून टाकला होता. शेठ म्हणाले, "घर में कुछ टेन्शन है क्या?" मी नाही म्हणाले.

फोन आले, नाही असं नाही. जवळपासचे लोक 'मांजर्ली' एवढं ऐकूनच "पुराचं पाणी येतं ना तिथे?" म्हणून विचारायचे, आणि मी काही बोलायच्या आत ठेवून द्यायचे. दोन कुटुंबं बघून गेली, पण पुढे काही कळवलं नाही. एप्रिल गेला. मे अर्धा गेला. अंबरनाथच्या बाईंचा फोन आला की बाबा गॅलरीत जाऊन बोलायचे. आईने मात्र तयारी चालवली होती. तिसऱ्या मजल्यावर उन्हात पापड वाळवता येतील म्हणून तिने एक मोठी प्लॅस्टिकची शीटही आणून घडी करून ठेवली. ती घडी बघितली की मला बसवायचं नाही. मी लॅपटॉप उघडायचे.

मग त्या माणसाचा फोन आला. अंबरनाथला आनंदनगरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर आहे म्हणाला. बोलण्यावरून साताऱ्याकडचा वाटला. सध्या भाड्याने चौथ्या मजल्यावर राहतात. आईला वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला. "ताई, आईला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघं जण चार जिने उतरवतो. मला तळमजलाच पाहिजे. तुमच्या घराचे फोटो बघितले. रविवारी येऊ का?"

मी म्हणाले, या.

रविवारपर्यंतचे तीन दिवस मी काय केलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्या माणसाच्या आईचा विचार करायचं टाळत होते आणि तो टळत नव्हता. बाबांना म्हणाले, "त्यांना आधीच सांगायचं का?" बाबा म्हणाले, "तुझी आई बघ आणि मग बोल." माझी आई मला दिसत होती, त्याची दिसत नव्हती. आणि दिसत नाही तोवर माणसाचं फार काही वाटत नाही, हे मी स्वतःवरून शिकले.

तो एकटाच आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोटांवर ग्रीसचे न निघणारे डाग. चपला बाहेर काढल्या, आईला वाकून नमस्कार केला. आत आल्यावर भिंतीकडे त्याने बघितलंच नाही. टीव्हीच्या स्विचबोर्डापाशी गेला. मग फ्रिजच्या. मग आत जाऊन वॉशिंग मशिनचा प्लग बघून आला. प्रत्येक ठिकाणी त्याने हात स्वतःच्या छातीला लावून बघितला. मला काही कळेना.

"वायरिंग कुणी केलंय, काका?"

बाबा म्हणाले, "इथलाच एक जण. का?"

"सगळे बोर्ड वर आहेत. मशिनचा पण."

बाबांना पटकन सुचलं ते ते बोलून गेले. "लहान मुलांच्या दृष्टीने बरं असतं."

आमच्या घरात लहान मूल नाही. तो माणूस हसला, पण चेष्टेने नाही. म्हणाला, "काका, मला फोटोतच दिसलं होतं. मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला. भिंत एकदम साफ, पण एकही बोर्ड खाली नाही. आमच्या कंपनीची खालची शेड आहे, तिथं पाणी भरतं. तिथले बोर्ड मीच वर घेतलेत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आठ फोटो. बुरशी, विटा, स्टँड, फुगलेली चौकट, सगळं शोधून शोधून पुसलं होतं मी. बोर्डांकडे बघितलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या पुरानंतर आम्ही ते वर घेतले, आणि इतकी वर्षं उभ्याने प्लग लावताना मला वाटायला लागलं होतं की प्लग असाच लावतात, सगळीकडे. जे पुसायचं ते मला दिसलं, आणि जे खरं सांगत होतं ते मला घराचाच भाग वाटलं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

"मला राग नाही," तो म्हणाला. "विकणारा माणूस घर आवरूनच दाखवणार. आणि खरं सांगू, ह्या भावात तळमजला मला दुसरीकडं मिळायचा नाही. म्हणून तर आलो. मला एवढंच सांगा, पाणी चढायला किती वेळ लागतो? आईला उचलून जिन्यावर न्यायला मला तेवढा वेळ मिळतो का?"

बाबा म्हणाले, "दरवर्षी काही येत नाही."

"आलं तर, काका."

तो बाबांकडे बघत नव्हता. आईकडे बघत होता. खरं काय ते तीच सांगेल, हे त्याला कशावरून कळलं कुणास ठाऊक. आई सरबताचा ट्रे हातात घेऊन उभी होती. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला, पदराला हात पुसले आणि भिंतीपाशी गेली. त्या नव्या रंगाच्या भिंतीवर तिने तळहात टेकवला, बरोबर जिथे ती रेघ होती तिथे. जागा शोधावीसुद्धा लागली नाही तिला.

"बाथरूमच्या जाळीतून गुडगुड सुरू झाली की अर्ध्या तासात इथे. तुमच्या आईंची कॉट केवढी उंच आहे?"

त्याने हात गुडघ्याच्या जरा वर धरला.

"म्हणजे दहा मिनिटं," आई म्हणाली. "फार तर पंधरा. तुमची ड्यूटी असते कधी?"

"शिफ्ट बदलते. तिन्ही असतात."

"तुम्ही नसताना घरात कोण असतं?"

"बायको. आणि मुलगी, दुसरीत आहे."

"बायकोला एकटीला उचलता येतात का त्या?"

त्याने सरबताचा ग्लास उचलला, सगळं सरबत संपवलं, ग्लास परत ट्रेमध्ये ठेवला. आम्ही चौघंही त्या ग्लासाकडे बघत होतो. मग तो निघाला. दारात चपला घालताना म्हणाला, "काकू, तुम्ही बोलला नसता तर मी घेतलं असतं. मनाची तयारी करूनच आलो होतो."

"माहिती आहे," आई म्हणाली. "म्हणून तर बोलले."

तो गेल्यावर बाबांचा बांध फुटला. आयुष्यात मी त्यांना आईवर असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "वर्षभर कोण रडत होतं? पावसाळ्यात इथे राहणार नाही असं कोण म्हणालं? आज वीस तारीख आहे. आता कोण येणार आहे? ह्या घरात तूच बसणार आहेस जाळीकडे कान लावून, मी नाही!" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला आणि ते गॅलरीत निघून गेले. ते रागावले नव्हते, हरले होते. ते बघून मला फार वाईट वाटलं, आणि लाज वाटली ती त्याहून जास्त. हे सगळं मी सुरू केलं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि आठही फोटो साइटवरून काढून टाकले. काढताना साइट विचारते, नक्की काढायचे आहेत का? मी आठ वेळा हो म्हणाले.

आई माझ्या शेजारी येऊन बसली. मला वाटलं ती रडेल, पण तिचे डोळे कोरडे होते.

"अंबरनाथच्या बाईंना फोन लाव," ती म्हणाली.

"बाबा बोलतील नंतर."

"त्यांना नको बोलायला लावू. मला दे."

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. फोनवर बोलायला आई नेहमी लाजते, सगळ्यांना "हं, हं" म्हणून मोकळी होते. त्या दिवशी ती पाठ ताठ करून बोलली. आधी तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाली, आमच्यासाठी आता थांबू नका, दुसरं कुणी असेल तर देऊन टाका. पलीकडून त्या बाई बहुतेक घर आवडलं नाही का असं विचारत होत्या.

"नाही हो, आवडलं नाही असं कसं म्हणू?" आई म्हणाली. "तिथल्या उन्हात उभं राहून आले होते मी. पण आमचं घर विकण्यासारखं नाही. इथे कुणाला राहायला पाठवू?"